वेताळाच्या चपला

परवा भर दुपारी, स्टेशनच्या पुलाखाली, चपलेचा अंगठा तुटला. कोपऱ्यावर चपला शिवणारे काका बसतात. त्यांनी माझी चप्पल हातात घेतली आणि गिऱ्हाईकाला द्यायची म्हणून ठेवलेली भलीमोठी जुनी चप्पल पुढे सरकवली. "तोवर ही घाला, जमीन तापलीय." माझा पाय तिच्यात असा दिसत होता, जणू परातीत एकच वांगं ठेवलंय. आणि एकदम आरवलीचा वेतोबा आठवला.

शिरोड्याजवळचं आरवली. आजोळाहून चालत जाता येई. माणसाहून उंच देव, हातात तलवार, आणि नवसाच्या केळ्यांच्या घडांइतक्याच तिथे चपला. चामड्याच्या, अगडबंब. आजी म्हणाली, "वेतोबा रातीचो गाव फिरता. चपलो झिजतत तेच्यो."

मी तेव्हा नऊ वर्षांचा. पिशवीत इंद्रजाल कॉमिक्सचे चार अंक घेऊन सुट्टीला आलेलो. त्यामुळे मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. वेतोबा म्हणजे वेताळच, आणि रात्री फिरणाऱ्या वेताळाला मी कॉमिक्समधून आधीपासूनच ओळखत होतो. फक्त एक शंका होती. "आजी, तो घोड्यावरून का नाही जात?"

"घोड्यार बसलो तर पायाखाली काय आसा ता कसा दिसतला तेका?"

माझ्या वेताळाचा घोडा पांढरा होता. अंगाला चिकटलेला पोशाख, त्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि बोटात कवटीची अंगठी. ज्याच्या जबड्यावर गुद्दा बसला, त्याच्या तोंडावर ती कवटी जन्मभर. मी बटाट्याचा ठसा कोरून निळ्या शाईत बुडवला आणि मामेभावाच्या गालावर मारला. दोन दिवसांनी घरात लग्न होतं. फोटोत तो सगळीकडे एका बाजूनेच उभा आहे. आज पन्नाशीतही तो तो अल्बम माझ्यासमोर उघडत नाही.

ली फॉकचा हा फँटम 1936 पासूनचा. इंद्रजालचा पहिला इंग्रजी अंक मार्च 1964 चा, किंमत साठ पैसे. मूळ गोष्टींतला त्याचा देश बंगाला आपल्याकडे येताना डेंकाली झाला, कारण बंगाल फार जवळ पडत असावं. पण मला खरं कौतुक वाटतं ते फँटमला 'वेताळ' म्हणणाऱ्या माणसाचं. भूत म्हणून भागलं असतं की. पण भुतं गल्लोगल्ली असतात, वेताळ त्यांचा राजा. या एका शब्दाने तो परका गोरा माणूस आमच्या गावकीत येऊन बसला.

आणि घरात चांदोबा यायचा. त्यातला वेताळ झाडावर लटकलेला, राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलात तर डोक्याची शकलं करणारा. तर हिशेब असा: एक झाडावर, एक घोड्यावर, एक पायी. माझ्या लेखी तिघे सख्खे भाऊ होते. झाडावरचा शेंडेफळ असावा. नुसता बोलायचा, काम काही नाही. कवटी-गुहेत घोड्यावरच्याचे वीस पूर्वज झोपलेत हे वाचल्यावर मी आजीला विचारलं होतं, वेतोबाचे वडील कुठे पुरलेत. आजीने खाली वाकून पायातली चप्पल काढली. मी प्रश्न मागे घेतला.

पुढे भयकथा लिहिणारे धारप आले, मतकरी आले. रात्री पाणी प्यायला उठणं बंद झालं. पण ती भीती पुस्तकातली, पुस्तक मिटलं की मिटायची. (बरं, नव्हती मिटत. पण कारण वेगळं होतं, आमच्या माजघरातला दिवा बाहेरून लागायचा.) वेताळांची कधी भीती वाटली नाही. गावात गस्त चालू आहे, एवढंच वाटायचं. गाढ झोप लागायची.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. तेव्हापासून रविवारी फुटपाथवरचे पुस्तकवाले आणि रद्दीची दुकानं हा माझा उद्योग. मराठी अंक क्वचित मिळतो. मिळाला तर शेवटचं पान नसतं. त्या पानावर पोरं नक्की काय करत, कोण जाणे. वह्यांना कव्हरं घालत असावीत.

"झालं," काका म्हणाले. अंगठा शिवून त्यांनी चप्पल उलटी करून पाहिली. टाच पार झिजलेली. "नोकरी फिरतीची का?"

"छे हो. दिवसभर खुर्चीत."

त्यांनी एकदा टाचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "वीस रुपये. सुट्टे द्या."

सुट्टे नव्हते.