टाळ थांबले आणि टिटवी ऐकू आली

आईचं दरवर्षीचं ठरलेलं, ज्येष्ठ संपत आला की पिशवी बाहेर काढायची, दोन नऊवारी, एक घोंगडी, तेलाची बाटली, टाळ, आणि पंढरीच्या वारीला चालली. गेल्या वर्षी मात्र गुडघ्यांनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून सांगितलं तेव्हा दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरून झालेली होती. दोन दिवस ती काही बोललीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, माझी जागा रिकामी नको राहायला, तू जा.

मी कधी गेले नव्हते. पुण्यात पालखी आली की दर्शन घ्यायचं, राजगिऱ्याचे लाडू वाटायचे, एवढाच माझा संबंध. सुट्टी पाचच दिवस मिळत होती म्हणून सासवड ते फलटण जायचं ठरलं. खरं सांगायचं तर तेव्हा माझी झोप पार गेली होती, दिवसभर लॅपटॉप आणि रात्री फोन, डोळे मिटले तरी डोक्यात काहीतरी स्क्रोल होत राहायचं. लाखो माणसांच्या गर्दीत जाऊन कुठली शांतता मिळणार असंच वाटत होतं. पण आईला नाही म्हणवलं नाही.

निघताना तिने एकच सांगितलं, फोटो काढत बसू नकोस, आणि आजीच्या मागं मागं चाल.

आजी म्हणजे आईच्या वारीतल्या मैत्रीण, परभणीकडच्या. सत्तरी नक्की ओलांडलेली, डोक्यावर तुळस, पायात साध्या स्लिपरा. सासवडला पहाटे तीनला तंबूत हालचाल सुरू झाली, टँकरजवळ बायकांची रांग, अंधारात कुणी वेणी घालतंय कुणी ट्रकमध्ये वळकटी टाकतंय, आणि त्यात मला शोधत आजी आल्या, बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर मारला आणि म्हणाल्या, "तू तिची पोरगी ना? तसंच नाक हाय." मग पाया पडल्या! वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, समोरचा माउली, लहान-मोठं काही नाही, हे मला माहीत होतं, पण सत्तर वर्षांच्या बाईने माझ्या पायाला हात लावला तेव्हा मी गडबडूनच गेले.

सासवड ते जेजुरी साधारण १६-१७ किलोमीटर. बोरावके मळा, यमाई शिवरी, साकुर्डे असे विसावे घेत पालखी जाते. पहिले दोन तास मी फक्त किती चाललो तेच मोजत होते, मोबाइलमध्ये स्टेप्स बघायच्या, पुढे किती राहिलं ते विचारायचं. आजूबाजूला टाळ, पखवाज, स्पीकर, पोलिसांच्या शिट्ट्या, चहावाल्यांच्या हाका. आजींनी बराच वेळ बघितलं असणार, मग म्हणाल्या, "ते खिशात ठेव गं. टाळ ऐक, पाय आपोआप पडतेत." आणि खरंच, विणेकऱ्याच्या मागे चार-चारची ओळ, टाळकऱ्यांचा ठेका एकदा पायात उतरला की आपण चालतोय हे वेगळं कळत नाही, पुढच्या बाईच्या टाचा दिसत राहतात, त्या टाचांच्या भेगा, त्यात अडकलेली लाल माती, तिच्या तुळशीच्या कुंडीतून मानेवर ओघळणारा पाण्याचा थेंब. मी कितीतरी वेळ त्या एका थेंबाकडे बघत चालले होते आणि डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. असं माझ्या बाबतीत किती महिन्यांनी झालं असेल.

जेजुरीत शिरताना भंडारा उधळतात. पालखीवर, रथावर, आपल्यावर. नेमका तेव्हाच भुरभुर पाऊस आला आणि सगळ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवरून पिवळे ओघळ निघाले, रस्त्याच्या कडेच्या डबक्यावर हळदीचा पातळ थर तरंगत होता आणि त्यावर थेंब पडला की तेवढ्या जागी गोल आभाळ दिसायचं, परत पिवळं व्हायचं. एक लहान मुलगा त्या डबक्याशी उकिडवा बसून तेच बघत होता. मी पण थांबले. आजी पण थांबल्या!

पण मला खरं सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

पालखी तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा आवाज असा की छातीत वाजतो, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. आणि मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे, हातातला दंड वर करतात. बस, दंड वर. माइक नाही, घोषणा नाही. एका क्षणात सगळे टाळ बंद. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तेवढेच टाळ वाजवत राहतात म्हणजे चोपदारांना कळतं, मग ते तिथे जाऊन ऐकून घेतात, अशी जुनी पद्धत. त्या दिवशी कुणाचीच तक्रार नव्हती. एवढी हजारो माणसं आणि कुणी हूं की चूं नाही.

त्या शांततेत मला आधी पताका ऐकू आल्या. वाऱ्याने कापड फडफडतं तो आवाज, शेकडो पताकांचा. तो दिवसभर डोक्यावरच होता पण मला ऐकू आला नव्हता. मग लांब कुठेतरी माळावर टिटवी ओरडली. टिटिव् टिटिव् करत ती तळाच्या वरून गेली. मी मान वर केली तर आजींनीही मान वर केलेली. अंगावर काटा आला. रडू पण आलं, का ते सांगता येणार नाही.

मग हरवलं-सापडलं सांगतात, कुणाचा चष्मा सापडलाय, कुणाचे पैसे सापडलेत, कोण चुकलंय. मग आरती झाली. रात्री मी तंबूत पालथी पडले ती पहाटे काकड्यालाच जागी झाले, मधे काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी कानच वेगळे झाल्यासारखे. दौंडज खिंडीत न्याहारीला थांबलो, दोन्ही बाजूला टेकड्या, पावसाने नुकत्या हिरव्या व्हायला लागलेल्या, गावातल्या बायकांनी आणलेली भाकरी आणि चटणी हातावर घेतलेली, आणि वर कुठेतरी पावशा सुरू झाला. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा. लहानपणी पुस्तकात वाचलेलं होतं, प्रत्यक्षात असा कधी ऐकला नव्हता, किंवा ऐकला असेल पण लक्ष दिलं नसेल. आजींचा घास हातातच राहिला. त्यांच्याकडे आर्द्रा लागून चार दिवस झाले तरी पेरण्या व्हायच्या होत्या, पाऊस नव्हता. मुलगा रोज फोन करून सांगायचा. वारीत कुणीही भेटलं की रामकृष्णहरी झाल्यावर पुढचा प्रश्न तोच असतो, पेरलं का तुमच्याकडं? मी म्हटलं काळजी वाटत नाही का आजी? तर म्हणाल्या, "वाटती की. पण मी तिथं असले तरी आभाळाकडंच बघणार, हितंबी तेच करायले." मग सावता महाराजांचं सांगायला लागल्या, ते अरणला आपल्या मळ्यातच राहिले आणि देवच त्यांच्याकडे आला, लहान मुलाला सांगावं तसं सांगत होत्या.

तिथेच बांधाच्या ओल्या मातीत त्यांना तो किडा दिसला. मिरगाचा किडा. हरभऱ्याच्या डाळीएवढा, लालभडक, अंगावर मखमल. आजींनी बोट पुढे ठेवलं, तो आधी पाय आखडून बसला, मग हळूच बोटावर चढला. वर्षभर हा जमिनीत असतो आणि पहिले पाऊस झाले की थोडे दिवसच वर येतो. आमच्याभोवती दहा-बारा जणी जमल्या, सगळ्या वाकून बघतायत, एकीने त्याला नमस्कार केला. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, मी पण केला.

तिसऱ्या दिवशी वाल्ह्याहून लोणंद, मजल मोठी, पायाला फोड आले होते. मध्ये नीरा नदी लागते, तिथे दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. आम्ही बऱ्याच मागे होतो, पादुका काही दिसल्या नाहीत, मी खट्टू झाले. आजी म्हणाल्या पाणी तर तेच हाय ना, आणि मला घेऊन खालच्या अंगाला उतरल्या. घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिलो. फोडांना गार पाणी लागलं आणि आधी झोंबलं, मग हळूहळू इतकं बरं वाटलं की मी डोळेच मिटले. पायाखालची वाळू थोडी थोडी सरकत होती. आम्ही किती वेळ उभ्या होतो कोण जाणे, दिंडी पुढे गेली आणि आम्हाला पळत गाठावी लागली.

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडे धावतात ते, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं असतं त्यामुळे त्यावर लिहीत नाही. एवढंच, की माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, तो रिकाम्या पाठीने धावतो, आणि तो गेल्यावर टापांखालची माती उचलायला जी झुंबड उडाली त्यात आजींनी दोन चिमट्या घेतल्या, एक स्वतःच्या कपाळाला, दुसरी कागदात बांधून माझ्याकडे दिली. आईसाठी.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. रस्ता चौपदरी झालाय, चालायला सोपं जातं हे खरं, पण आई ज्या वडांच्या सावलीबद्दल सांगायची ते वड कित्येक ठिकाणी नाहीत. उन्हाच्या वेळी म्हातारी माणसं दुभाजकाच्या कडेला, ट्रकच्या सावलीत बसलेली बघितली. नवी रोपं लावलीयत काही ठिकाणी, ती मोठी होईपर्यंत या पिढीतले किती जण चालतील माहीत नाही.

फलटणला मी थांबले, आजी पुढे गेल्या. निरोप वगैरे काही नाही, दंडाला धरून म्हणाल्या "मायला सांग, पुढच्या साली ये म्हणावं, मी हळू चालीन", आणि ओळीत शिरल्या, थोड्या वेळाने नुसती तुळसच दिसत होती.

मातीची पुडी आईने देवघरात ठेवलीय. मी हल्ली सकाळी कचरा टाकायला खाली जाते तेव्हा फोन वरच ठेवते, पार्किंगच्या भिंतीला मुंग्यांची रांग असते, अंडी घेऊन वर चाललेली, ती बघत उभी राहते, वॉचमनकाका पण येऊन बघतात कधी कधी.

आषाढी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी आजींचा फोन आला, आईशी बोलून झाल्यावर मला द्यायला सांगितला. सोयाबीन पेरलं होतं, चार पानांवर आलं होतं. मग त्यांनी विचारलं, "तिकडं पाऊस कसा हाय गं?" मी खिडकीशी न जाता सांगितलं, आजी पहाटे साडेचारला सुरू झाला, आधी टपोरा होता, आता भुरभुर आहे, वारा पश्चिमेचा आहे.

"बरं हाय मग," आजी म्हणाल्या.