तीन, चार, पाच आणि आमचे गणिताचे सर

स्मरणिकेसाठी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर सगळे मागे लागले तेव्हा म्हटलं छड्या, प्रार्थना आणि गेटवरची बोरं यावर बाकीचे लिहितीलच, आपण भूमितीवर लिहू. हसू नका रे.

पायथागोरसचं प्रमेय दहावीच्या आधीच पाठ होतं. कर्णाचा वर्ग बरोबर बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणायचो, पण वर्ग म्हणजे आकड्याच्या डोक्यावर बसलेला बारका २, एवढीच आमची समज. दहावीला सर आले ते पहिल्याच तासाला जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. जाड पुठ्ठा, मागून कोरा. त्यातून काटकोनाच्या बाजू ३ आणि ४ सेंटिमीटर असलेले चार त्रिकोण कापायला लावले (माझ्या एका त्रिकोणावर नुसतंच 'चि. सौ.' आलं होतं, नवरी शेजारच्या बाकावर गेली). मग ते असे फिरवून मांडायचे की तिरप्या बाजू सगळ्या बाहेर. झाला एक चौरस, आणि मधोमध एक छोटी चौकोनी खिडकी उरली.

आता मोजा म्हणाले. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६, चौघांचं २४, खिडकी १ बाय १ ची. २४ नि १ पंचवीस. बाहेरच्या चौरसाला पट्टी लावली तर बाजू ५! तेव्हा कुठे टाळक्यात शिरलं की हे सगळं जागेचं गणित आहे, कर्णावर उभा केलेला चौरस बाकी दोघांवरच्या चौरसांएवढी जागा खातो. मग तेच अक्षरांत करून घेतलं. खिडकीची बाजू म्हणजे दोन बाजूंतला फरक, त्या फरकाच्या वर्गात दोन्ही बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट मिळवली की दोन वर्गांची बेरीजच उरते, म्हणजे कुठलाही काटकोन त्रिकोण घ्या, जमतंच.

नंतर ग्राउंडवर. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटर, आम्ही चारी बाजू टेपनं मोजून फक्की मारायचो आणि झालं म्हणायचो. सर म्हणाले, बाजू बरोबर असूनही कोर्ट कललेलं असू शकतं, दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येकी २० मीटर १२ सेंटिमीटरच्या आसपास यायला पाहिजे. एक कमी नि दुसरा जास्त आला तर कोपरे गेले. तेव्हा कंपाउंडच्या भिंतीचं काम चालू होतं, तिथले मिस्तरी बघून हसले, "हाई ते आम्ही रोजच करतस, सर!" आणि लाईनदोरीवर ३, ४, ५ फूट घेऊन कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणून दाखवला. हाच तो व्यत्यास. बाजूंचा हिशोब जुळला तर सगळ्यात लांब बाजूसमोरचा कोन काटकोन असणारच. परीक्षेत आम्ही तो दोन मार्कांपुरता वाचायचो, पण माझ्या मते खरा कामाचा तोच आहे.

मी आता रावेरकडे केळी करतो. ५ बाय ५ फुटांवर लागवड, बांधाला धरून पहिली ओळ टाकायची, मग आडवी ओळ काढायला ३०, ४०, ५० फुटांचा त्रिकोण. तिघं जण लागतात आणि टेप ताणलेला पाहिजे, सैल राहिला की पुढे ठिबकच्या नळ्या तिरक्या जातात, मग पूर्ण सीझन शिव्या.

शाळेची सहल गेली होती चाळीसगावजवळ पाटणादेवीला. भास्कराचार्यांचं नाव तिथल्या पाटण गावाशी जोडलेलं, त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवानं, चांगदेवानं, मठ काढला ते इथल्या शिलालेखात आहे. 'लीलावती' हा त्यांचा गणिताचा ग्रंथ, ११५० चा. देवळाच्या पायऱ्यांवर बसून सरांनी त्यातलंच गणित घातलं: ९ हात उंच खांब, वर मोर, बुडाशी सापाचं बीळ. साप २७ हातांवरून बिळाकडे येतोय, मोरानं तिरपी झेप घेतली, दोघांचा वेग सारखा, तर पकडणार कुठे? बिळापासून १२ हातांवर. मोर १५ हात उडाला, साप पण १५ च सरपटला, म्हणजे परत ३, ४, ५ च, फक्त तिप्पट. मागून एक जण म्हणाला सर, मोर नि साप एकाच स्पीडनं कसे काय? सर म्हणाले, तुझा मोर जोरात उडव बेटा, मग उत्तर पण तूच काढ. तो बसमध्ये चाळीसगाव येईपर्यंत खरंच काढत बसला होता.