दहा नंबरच्या सुया

दुपारी जेवणं आटोपून निवांत बसले आणि दहा नंबरच्या सुया हव्या झाल्या. घरात त्यांचे तीन जोड आहेत, तिन्ही अडकलेले. एक भाच्याच्या निळ्या स्वेटरच्या पाठीत, एक राखाडी मफलरमध्ये आणि तिसरा जाळीच्या शालीत. आठ नंबरच्या मोकळ्या होत्या, पण दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि आठ म्हणजे चार. टाका केवढाला पडतो! तान्ह्या बाळाच्या मोज्यातून करंगळी बाहेर यायची.

आमचे हे म्हणतात, "अगं, एक संपव, मग दुसरं घे." विणकाम म्हणजे पानातली भाजी आहे का, आधीची संपल्याशिवाय दुसरी वाढायची नाही? प्रत्येक कामाची जागा ठरलेली असते. ठाण्याहून वाशीची गाडी धरली आणि बसायला मिळालं की मफलर. नुसतं सुलट, बघावंसुद्धा लागत नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली आपोआप मागे पडतात. तिथे जाळी काढून बघा. 'दोन टाके एकत्र, सुईवर धागा, एक सुलट' असं मनात चालू असताना कुणी "ताई, कोपरखैरणे गेलं का?" विचारलं की गेलीच ओळ. म्हणून शाल दुपारची, घर झोपलेलं असताना. बॉर्डरचं एक सुलट-एक उलट मालिकेसमोर. मालिकेतही तेवढंच घडत असतं.

त्यात आपली हवा. एप्रिल-मेमध्ये घामाने लोकर बोटाला चिकटते, सुई सरकत नाही. तेव्हा लोकरीच्या पिशव्या कपाटावर जातात आणि क्रोशाचं तोरण खाली उतरतं. दिवाळीनंतर पुन्हा स्वेटर हातात घ्यावा, तर हात बदललेला असतो. निळ्या स्वेटरच्या पाठीवर आडवी रेघ दिसते: खालचे टाके घट्ट, वरचे सैल. धुतल्यावर जाते म्हणतात. थोडी जाते.

शिवाय लोकर मी नेहमी जास्तच घेते. शेड तीच असली तरी रंगवण्याचा लॉट नंबर वेगळा निघाला, तर उजेडात धरल्यावर फरक कळतो, म्हणून दोन गुंडे जादा. मग ते उरतात. उरले की त्यांचं काहीतरी करावंसं वाटतं. आणि काहीतरी करायचं म्हटलं की सुया लागतात.

शेवटी सुया मोकळ्या करायला मफलरलाच हात घातला. बोथट सुईत पांढरा दोरा ओवला आणि एकेका टाक्यातून काढत गेले. शेवटचा टाका आला, दोऱ्याची दोन्ही टोकं गाठ मारून बांधली, मग विणायची सुई हळूच ओढली. सगळे टाके तोंड उघडून दोऱ्यावर उभे. निसटला नाही एकही. तरी सुई निघेपर्यंत मी श्वास रोखून धरते. दर वेळी.

माझ्या आईचं मात्र एका वेळी एकच काम असायचं. नाशिकला आमच्याकडे लोकर मोजून यायची, तीही लडीने. मी दोन्ही हात पुढे धरून बसायची, हातांवर लडी, आई समोर गुंडा करतेय. धागा डावीकडे आला की हात डावीकडे झुकवायचा, उजवीकडे गेला की उजवीकडे. नाक खाजलं तरी हात सोडायचा नाही. नेमकं तेव्हाच खाजायचं. दादाचा स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा. उसवलेल्या लोकरीची खुर्चीच्या पाठीवर लडी करून ती कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली तांब्या अडकवून दोरीवर वाळत घालायची, म्हणजे वळ्या जायच्या. त्यातून माझा स्वेटर. लोकर कमी पडायचीच, म्हणून मनगटाशी कायम वेगळा रंग. मला त्याची लाज वाटायची. आता तसे मुद्दाम विणलेले स्वेटर दुकानात महाग मिळतात.

एकदा आईला विचारलं होतं, "तेच तेच उसवून पुन्हा विणायचा कंटाळा नाही यायचा तुला?"

"यायचा की," ती म्हणाली. "पण डिसेंबरात सकाळच्या शाळेला निघताना तुम्ही कुडकुडायचात."