हातांना काय लावता?

भाचीच्या लग्नात बांगड्या भरायला बसले होते. कासारमामांनी माझा हात दाबून पाहिला, हिरव्या बांगड्यांचा डझन एकही न फुटता चढवला आणि विचारले, “ताई, हातांना काय लावता?” हा प्रश्न मला नवा नाही. भिशीतल्या मैत्रिणी तो विचारतात, शेजारची सून विचारते, आणि मी 34 वर्षे परिचारिका होते हे कळल्यावर तर विचारणाऱ्यांचे कुतूहल आणखी वाढते, कारण दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुणाऱ्या बाईचे हात त्रेसष्टाव्या वर्षी खरखरीत असायला हवेत, अशी त्यांची अपेक्षा असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण माझे उत्तर हातांना काय लावावे याविषयी कमी आणि हातांवरचे काय धुऊन टाकू नये याविषयी जास्त आहे.

तशी त्यांची अपेक्षा चुकीचीही नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, नाशिकच्या कोरड्या थंडीत, माझ्या बोटांच्या पेरांवर उभ्या चिरा पडल्या होत्या. वॉर्डातल्या बेसिनवर कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा ठेवलेला असे आणि नळाला चटका बसेल इतके गरम पाणी येई. कापूस स्पिरिटमध्ये बुडवताना डोळ्यांत पाणी यायचे, आणि घरी रेशमी साडीच्या निऱ्या घालताना बोटांची उकललेली साल धाग्यांत अडकायची. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना हात दाखवले. त्यांनी मलम लिहून देण्याआधी एकच विचारले, “धुतल्यावर हात कशाला पुसता?” मी म्हणाले, “पदराला.” “आणि मग?” मगचे काहीच नव्हते.

त्यांनी त्या दिवशी जे समजावले ते मी पुढे प्रत्येक नव्या मुलीला सांगत आले. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या मधल्या जागेत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात आणि त्यांच्यामुळेच आतले पाणी आत राहते. तुपाचे भांडे गरम पाण्याने चटकन निघते, तसा हा स्निग्धांशही गरम पाणी आणि साबण यांच्यापुढे टिकत नाही. तळहातांना तर तैलग्रंथी नसतातच, त्यामुळे गेलेले तेल तिथे आपोआप भरून निघत नाही. शिवाय त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू, म्हणजे पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), साधारण 5 असतो, तर साबणाच्या नेहमीच्या वडीचा 9 ते 10 असतो.

म्हणून पाणी कोमट घ्यावे, अंगठीखाली साबण राहू देऊ नये, हात घासून न पुसता टिपून घ्यावेत आणि ते किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले साधे, बिनवासाचे क्रीम लावावे. रात्री मी पेट्रोलियम जेली लावते आणि चिरा पडल्या असतील तर वरून सुती मोजे चढवते. ही जेली त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही, म्हणून कोरड्या हातावर ती चोळण्यात फारसा अर्थ नाही. माझ्या सावंतवाडीच्या सासूबाई हेच काम भिरंडेलाने करीत. कोकमाच्या बियांच्या तेलाचा तो घट्ट गोळा असतो. त्याचा तुकडा त्या लोखंडी पळीत वितळवून कोमट असतानाच हातापायांच्या भेगांत भरत, आणि तो जागच्या जागी पुन्हा थिजे. महागड्या बाटल्यांपेक्षा मला तो गोळा अधिक विश्वासाचा वाटतो.

मी भांडी घासताना रबरी हातमोजे घालू लागले तेव्हा याच सासूबाई हसल्या होत्या, “भांडी घासायची आहेत की ऑपरेशन करायचंय?” गंमत अशी की शस्त्रक्रियेतले रबरी हातमोजेसुद्धा एका परिचारिकेच्या हातांसाठीच आले. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक द्रावणांमुळे पुरळ उठत असे, म्हणून 1889-90 च्या हिवाळ्यात शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे बनवून घेतले. रुग्णाला जंतुसंसर्गापासून वाचवण्यासाठी ते सर्वांनी घालावेत, हा विचार नंतरचा. पुढे दोघांचे लग्नही झाले, हे सासूबाईंना मोज्यांपेक्षा जास्त पटले. घरी मात्र रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालावेत, नाहीतर घामाने कातडी भिजून वेगळाच त्रास सुरू होतो.

ही झाली निरोगी हातांची गोष्ट. हात तरुण दिसणे हे बरेचसे उन्हावर अवलंबून असते. माझ्या यजमानांची नोकरी फिरतीची होती आणि आयुष्यभर त्यांनी स्वतः मोटार चालवली. त्यांच्या खिडकीकडच्या उजव्या हातावर तपकिरी डाग आहेत, डावा हात मात्र चार-पाच वर्षांनी लहान वाटतो. काच वर केली तरी अतिनील किरणांपैकी त्वचेवर सुरकुत्या आणणारे बरेच किरण तिच्यातून आत येतात. स्कूटरवरून जाणाऱ्या मुली कोपरापर्यंत मोजे घालतात, त्यांची थट्टा करणाऱ्यांनी माझ्या घरी येऊन हे दोन हात शेजारी शेजारी पाहावेत. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन चेहऱ्याला लावणारे हातांना विसरतात, आणि लावले तरी हात धुतल्यावर ते पुन्हा लावावे लागते.

लिंबू आणि साखर चोळण्याचा सल्ला मात्र मला राग आणतो. लिंबाचा रस लागलेला हात उन्हात गेला तर फोड येऊन काळे डाग पडू शकतात, आणि साखरेने आधीच पातळ असलेली कातडी खरवडली जाते. त्याहून वाईट म्हणजे गोरेपणासाठी दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमे. त्यांच्या दीर्घ वापराने कातडी कागदासारखी होते, म्हणूनच 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

माझ्या हातांवर शिरा वर आल्या आहेत, कारण कातडीखालची चरबी वयाबरोबर कमी होते आणि त्यावर माझ्याकडे मलम नाही. एवढे सगळे कासारमामांना सांगायला वेळ नव्हता. मी फक्त “ग्लिसरीन” म्हणाले. त्यांनी आपला हात पुढे केला. दिवसभर साबणाच्या पाण्यात राहून त्यांच्या अंगठ्याच्या कडेला लांब चीर पडली होती. “धुतल्यावर लगेच लावा, ओल असतानाच,” असे सांगून मी उठले, कारण माझ्यामागे विहीणबाई ताटकळत होत्या.