आला तर झोपणार कुठे

हे लिहून काढायलाच हवं, नाहीतर आजही डोळा लागणार नाही.

‘ले रेवनां’ या फ्रेंच मालिकेचा पहिला सीझन बघून संपला. 8 भाग. फ्रान्समध्ये 2012 साली कानाल प्लुस वाहिनीवर लागला होता, पुढच्या वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. मी उशिराच पोचलो त्याच्यापर्यंत. आल्प्सच्या कुशीतलं एक गाव, वरच्या अंगाला धरण, आणि मेलेली माणसं एकेक करून घरी परततात. अंगावर रक्तबिक्त काही नाही. जशी गेली तशीच येतात, आपण मेलोय हे त्यांना ठाऊकच नसतं. मोग्वाई या ग्लासगोच्या बँडचं संगीत इतकं हलक्या पावलांनी मागे चालतं की भीती कधी वाटायला लागली तेही कळत नाही. पण मला छळतंय ते वेगळंच.

पहिल्या भागात कामिय घरी येते. शाळेच्या सहलीची बस दरीत कोसळून चार वर्षं झालेली. पोरगी सरळ स्वयंपाकघरात जाते, फ्रिज उघडते आणि खायला लागते. समोर तिची आई, क्लेर. ती किंचाळत नाही. मुलीला संशय येऊ नये म्हणून जमेल तितकं साधं बोलत राहते. ते बघताना माझ्या घशात काहीतरी अडकलं.

आई मागे गवार मोडत बसली होती. तिने विचारलं, काय झालं, कोण ही? मी थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, “अगं बाई, मग आधी नीट जेवायला तरी वाढा तिला.”

त्याच क्षणी माझ्या मनात आलेलं वाक्य हे होतं: दादा आला तर झोपणार कुठे?

आधी हेच आलं. आनंद नाही, रडू नाही, थेट जागेचा हिशेब. त्याच्या खोलीत आता ईशान झोपतो. खिडकीशी अभ्यासाचं टेबल आहे, दादाचं लोखंडी कपाट गेलं, भिंतीचा रंगही बदलला. हे सगळं आईला विचारूनच झालं होतं. तरी ते वाक्य माझ्या डोक्यात इतक्या सहज आलं की मला माझीच भीती वाटली. मी विसरलोय का त्याला? विसरलो असतो तर मालिका थांबवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो नसतो. मग जागेचंच का सुचलं?

आपल्याकडे गेलेल्यांना यायचा दिवस ठरवून दिलेला असतो. भाद्रपदाचा वद्य पक्ष, ज्याची त्याची तिथी. आई वडे करते, खीर करते, आमसुलाची चटणी करते. मी पान गच्चीवर ठेवतो आणि आम्ही कावळ्याची वाट बघतो. दादाच्या पानाला तो शिवतो तेव्हा बरं वाटतं, हे खरंय. पण त्या बरं वाटण्यात ‘आता तो जेवून परत गेला’ हेही धरलेलं असतं. इतकी वर्षं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. या मालिकेतली माणसं तिथी बघून येत नाहीत आणि जेवून जात नाहीत.

सिमों ऐन लग्नाच्या दिवशी मेलेला. तो येतो तेव्हा त्याची नवरी आदेल तोमाशी लग्न करायच्या बेतात असते आणि सिमोंची मुलगी तोमाच्या हाताखाली वाढलेली असते. म्हाताऱ्या कोस्तांची बायको तरुणपणी गेली तशीच तरुण परत येते. कोस्ता घर पेटवून देतात आणि धरणावरून उडी टाकतात. मला त्यांचा राग आला नाही. एका माणसाने आपलं दुःख नीट घडी घालून ठेवलं होतं, ते कुणीतरी येऊन विस्कटलं.

मालिकेत जे धरण दिसतं ते तीन्यचं. ते 1952 साली पुरं झालं आणि जुनं तीन्य गाव पाण्याखाली गेलं. लोकांनी विरोध केला होता, उपयोग झाला नाही. जाताना दफनभूमीतली माणसंही उकरून वर नव्या जागी न्यावी लागली. मेलेल्यांचंही पुनर्वसन. हे वाचल्यावर मला माझा प्रश्न थोडा कमी लाजिरवाणा वाटला. जागेचा विचार तिथल्या लोकांनाही करावा लागलाच की.

पण खरं दुखलं ते लेनाचं. कामियची जुळी बहीण. कामिय 15 चीच राहिली, लेना 19 ची झाली. दादा माझ्यापेक्षा मोठा होता. आता मी त्याच्यापेक्षा मोठा आहे, कानशिलांवर पांढरे केस आहेत. तो दारात आला तर मला ओळखेल का, की बाबा समजेल? लेना त्या दिवशी आजारी असल्याचं सांगून सहलीला गेली नव्हती. मीही त्या रात्री... ते आज नको.

शेवटच्या भागात परतलेले आपल्या माणसांना न्यायला येतात, आणि क्लेर कामियसोबत निघून जाते. लेना मागे राहते, वडील जेरोमपाशी. मी बराच वेळ टीव्हीसमोर बसून होतो. वाटलं, आईही जाईल. मी इथे रोज असतो, तिच्या गोळ्या आणतो, तिचा रक्तदाब बघतो, आणि दादाने नुसती हाक मारली तर ती चपला घालून निघेल. लहान मुलासारखं डोळ्यांत पाणी आलं.

रात्री उशिरा लक्षात आलं की ती जाईलच, आणि तिने जावंच. जाण्याआधी ईशानचा डबा कोण करणार हे मला तीनदा विचारेल. मला ते पुरेसं आहे.

अजून एक गोष्ट राहिली. त्या मालिकेत परतलेल्यांना झोपच लागत नाही. त्यांना भूक मात्र सतत असते. म्हणजे दादासाठी अंथरूण लागणारच नव्हतं. आईला पहिल्याच भागात कळलं होतं ते खरं होतं. ईशानच्या खोलीतलं काहीही हलवायला नको. दादा स्वयंपाकघरात बसेल, आई थालीपीठ लावेल, आणि मी समोर बसेन, कितीही वाजले तरी.

दुसरा सीझन 2015 चा आहे. तो आईला सोबत घेऊन बघेन, संवाद मराठीत सांगत. क्लेर गेली हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.