मंग ध्यान कशामा लागी?

इंटरनेटनं एकाग्रता संपवली का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमळनेरला माझी अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची, एमपीएससीची मुलं येतात. फी भरायला आलेल्या पालकांचा प्रश्न ठरलेला: "मोबाईल हातमा, मंग ध्यान कशामा लागी?" म्हणजे पोरांबद्दल तुमचाच प्रश्न त्यांनाही विचारायचा असतो.

माझ्या मते कुवत शाबूत आहे, बसायची सवय मोडली. तोच मुलगा गावी गेला की विहिरीवरची मोटर खोलून बसतो आणि जेवायला दहा हाका मारल्या तरी उठत नाही.

पुस्तकापुढे मात्र बघा. आमच्याकडे फोन दाराजवळच्या कप्प्यात ठेवावा लागतो. नव्या मुलाचा हात राज्यघटना वाचता वाचता खिशाकडे जातो, रिकामा खिसा चाचपतो, परत येतो. रिंग वाजलेली नसते, कुणी बोलावलेलं नसतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी हेच ऑफिसातल्या माणसांवर मोजलं. २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडे ४७ सेकंद. शिवाय जवळपास निम्मे व्यत्यय ज्याचे त्यानंच ओढवून घेतलेले! (उरलेल्या निम्म्यांत आमच्याकडे पालकच पुढे. भर दुपारी अभ्यासिकेच्या नंबरवर फोन: "जेवला का, तेवढं विचारा ना.") व्हॉट्सॲपवर फिरणारं 'माणसाचं लक्ष आठ सेकंद, गोल्डफिशचं नऊ' मात्र सोडून द्या, त्याला धड आधार नाही.

फोनच काढून घ्या म्हणतात, ते जमत नाही. चालू घडामोडी टेलिग्रामवर, लेक्चर यूट्यूबवर, हॉलतिकीट वेबसाइटवर. २०१६ मध्ये जिओ आलं आणि पुण्याचा क्लास ज्याला परवडत नव्हता, त्याला घरबसल्या शिकायला मिळालं; ते मी कसं नाकारू? पण त्याच लेक्चरला खेटून रील्स असतात. पुस्तकात धडा संपतो, मुलगा मान वर करतो, पाणी पिऊन येतो. रील्सना धडाच नाही.

हॉलमध्ये वायफाय लावा, अशी मागणी दरवर्षी येते. मी लावत नाही. लेक्चर रात्री घरी डाऊनलोड करायचं, दिवसा व्हरांड्यात बसून, डेटा बंद ठेवून बघायचं आणि फोन परत कप्प्यात. कुरकुर होते. मे महिन्यात तर जास्तच, कारण व्हरांड्यात पंखा नाही.