पाच टनांचा हिशोब

मागच्या आठवड्यात सोलापुरात अक्कलकोट रोडला एका कारखान्यात पहिल्या मजल्यावर टॉवेलचे चार माग बसवायचे होते. मालक म्हणाले, "स्लॅब दणकट आहे, ठेवा कुठंपण." मी आधी खडू काढला आणि खाली बीम कुठून गेलेत ते फरशीवर आखत बसलो. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी असंच "ठेवा कुठंपण" ऐकलं होतं. महिन्याभरात खालच्या छताला बोट जाईल एवढी भेग पडली.

मालक हसले. मला मात्र आजोबा आठवले. ते बार्शी लाईट या छोट्या रेल्वेवर फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा मारायचे, कुर्डुवाडीच्या शेडात. लहानपणी मला वाटायचं, गाडीला दिवा छोटा म्हणून लाईट! आजोबा म्हणायचे, "अरे, हलकी म्हणून लाईट. वजन किती यापेक्षा ते किती चाकांवर वाटलंय ते बघ."

मोठी लाईन कुर्डुवाडीला आली १८५९ साली, पण बार्शीची पेठ बाजूलाच राहिली. कापूस बैलगाड्यांनी २१ मैल आणायचा. मोठ्या लाईनवरच इंजिन इन्स्पेक्टर म्हणून आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं अडीच फुटी रूळ टाकायचं ठरवलं आणि एक नियम घातला: इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळं दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. खर्च वाचला तो तिथं.

पण अशा रुळावर जोरदार इंजिन चालवायचं कसं? लीड्सच्या किटसन कारखान्यानं सुरुवातीची इंजिनं बनवली ती अशी: पुढं दांड्यांनी जोडलेली आठ चाकं, मागं चार मोकळी. म्हणजे सहा आस, सगळं मिळून तीस टनांच्या आत. पाणी इंजिनाच्याच टाक्यांत, मागं कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. ओढायचं काम त्या आठ चाकांचं. मागची चार नुसती ओझ्याला खांदा द्यायला, पालखीला देतात तसा. वाघिणीसुद्धा चार-चार आसांच्या. गाडी सुरू व्हायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम रूळ टाकून हे सगळं लोकांना चालवून दाखवलं होतं.

१८९७ ला बार्शीची गाडी सुटली. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आमच्याकडं अजून तिच्या संथपणाचीच चेष्टा करतात. करोत बापडे. वारीच्या गर्दीत तिनं किती माणसं ओढली, ते आजोबांच्या खांद्याला ठाऊक होतं. फावड्यानं कोळसा मारून त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली आला होता, सदरा शिवतानाही शिंपी वेगळं माप घ्यायचा.

तीन माग आडव्या बीमवर नीट बसले. चौथा मालकांना खिडकीपाशी हवा होता, उजेड चांगला म्हणून. तिथं खाली बीम नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी तो तळमजल्यावर बसवला आणि वर एक ट्यूब लावून दिली, माझ्या खर्चानं.